रुसलेल्याला आणायला कोण जाणार?

परवा किनवटहून फोन आला. एका साखरपुड्यात मुलाचे आजोबा रुसले होते आणि जीपमध्ये जाऊन बसले होते. काचा वर करून, भर उन्हात, आतल्या आत शिजत होते म्हणे. फोन करणारा आमच्या लांबच्या नात्यातला. म्हणाला, "अण्णा, फोनवरच दोन शब्द बोला. तुमच्या शब्दाबाहेर कुणी जात न्हाई." मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात." फोनवर बोलायला गुडघे कशाला लागतात हे त्या बिचाऱ्याला कळेना. मलाही सांगता आलं नसतं. मी फोन ठेवला. खरं उत्तर एवढंच होतं, की बाबा, मी थकलो.

आमच्या घराण्यात रुसलेल्यांना परत आणायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलं नाही, आणि कुणी काढूनही घेत नाही. लातूर, उदगीर, नांदेड, आमची सोयरीक जिथवर पसरली आहे तिथवर एकही लग्न रुसव्याशिवाय लागत नाही. जावई फेट्याच्या रंगावरून रुसतो, मामा टिळा उशिरा लागला म्हणून रुसतो, आत्या साडीच्या काठावरून रुसते. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, असं म्हणतात. आमच्या लोकांनी ही म्हण उलटी पाठ केलेली आहे.

रुसण्याचे काही कायदे आहेत. ते कुणी कुणाला शिकवत नाही, पण मोडतही नाही. पहिला कायदा असा, की रुसलेला माणूस घरी जात नाही. जिथून मंगल कार्यालयाचं फाटक नीट दिसतं अशा जागी तो जाऊन बसतो. पिशवी मांडीवर, नजर दुसरीकडे. आमचे एक काका हिमायतनगरच्या लग्नातून रुसून थेट रेल्वे स्टेशनावर गेले होते. मी धावत गेलो तर गाडी फलाटाला लागलेली. काकांनी एका म्हातारीला हात धरून डब्यात चढवलं, तिची गाठोडी आत दिली, गाडी निघून गेली, आणि ते परत बाकावर येऊन रुसून बसले.

आणि मग माझं काम सुरू. जाऊन शेजारी बसायचं. लग्नाचा विषय काढायचा नाही. पाणी पुढे करायचं. सोयाबीनचं कसं काय, विहिरीला पाणी किती, असं काहीबाही विचारायचं. मग तो आपण होऊन बोलू लागतो. त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "तुमचं खरं हाय." हे म्हणताना डोळ्यांत बघायचं. मग त्याची पिशवी उचलायची. पिशवी उचलली की माणूस अर्धा उठतोच. उरलेला अर्धा उठवायला माझं एक ठरलेलं वाक्य आहे: "चला, हुग्गी गार होऊन राहिली." हुग्गी म्हणजे आमच्या लग्नातली गव्हाची खीर. तिच्यासाठी उठलो असं म्हणता येतं, त्यामुळे कुणाचाच मान जात नाही.

ऐकायला मजेचं वाटतं. सुरुवातीला मलाही वाटायचं. पण 'तुमचं खरं हाय' हे मी एकाच लग्नात दोन्ही बाजूंना म्हटलेलं आहे, एकाच तोंडाने, पाठोपाठ. रुसलेला पंगतीत बसला की त्याच्या पानात आधी वाढतात आणि मला कुणी विचारत नाही. गरज सरो, वैद्य मरो. घरी आल्यावर माझं बोलणं संपलेलं असतं. बायको म्हणते, "तुमच्या तोंडात साखर हाय म्हणतात सगळे. घरी येईस्तोवर ती संपलेली असते, आमच्या वाट्याला नुसता डबा." तिचं खरं आहे. आणि हे मी पिशवी उचलण्यासाठी म्हणत नाही.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली तेव्हा विचारलं, "कशाचं टेन्शन घेता?" मी म्हटलं, "छे, मी शांत माणूस आहे." त्यांनी यंत्रावरचा आकडा पुन्हा बघितला.

मी शांत माणूस नाही. ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे, माझ्या थोरल्या बहिणीला. लहानपणी मी भडकू होतो. एकदा भावाने माझा भोवरा घेतला म्हणून मी पाण्याची भरलेली घागर ढकलून फोडली होती. राग आला की मी महादेवाच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचो. मग अक्का यायची. परकराच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. शेजारी बसायची, शेंगा सोलायची, एक दाणा तिला, एक मला. घरात काय झालं, कोण चुकलं, अक्षर बोलायची नाही. शेंगा संपल्या की ओचा झटकून उठायची, आणि मीही उठायचो. माझं जे काही कसब आहे ते तिथून उचललेलं. फक्त तिने मला कधी 'तुझं खरं हाय' असं म्हटलं नव्हतं. ती भर माझी.

वडील गेल्यावर भुसार दुकानाच्या वाटण्या झाल्या आणि थोरल्या दोघा भावांचं वाजलं. तेव्हा आई मला म्हणाली, "तू तरी शांत ऱ्हा रे बाबा." राहिलो. एकदा राहिलो, मग लोकांनी धरूनच ठेवलं. माणसाला एखादा गुण चिकटतो तो असा. आपल्याला काही विचारत नाही. पुढे प्रत्येक जण म्हणू लागला, केवढा समजूतदार, केवढा सोशिक. ऐकून बरं वाटायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आता या वयात मला वाटतं, आपल्याकडे ज्या गुणाची फार वाखाणणी होते तो बहुधा वाखाणणाऱ्याच्या सोयीचा असतो. खरी शांती असती तर रात्री झोप लागली असती. मी नुसता गप्प होतो, आणि या दोन गोष्टी एक नाहीत हे कळायला फार वर्षं गेली.

अक्काला नांदेडला दिली होती. तिचे यजमान फार लवकर गेले. तिने ब्लाऊज शिवून, साड्यांना फॉल-पिको करून एकुलती एक मुलगी वाढवली. मुलगी शिकली, नांदेडच्याच एका दवाखान्यात नर्स झाली. या सगळ्या वर्षांत अक्का कुठल्याही लग्नात रुसली नाही. आहेराच्या साड्यांमधली सगळ्यांनी नाकारलेली साडी शेवटी तिच्याकडे यायची, आणि ती पदर हातावर घेऊन म्हणायची, "रंग चांगला हाय." हळदीच्या, ओटीच्या वेळी ती आपण होऊन भटारखान्यात जायची. तिला जा म्हणावं लागत नसे. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, आमच्या अक्काची काही भानगड नसते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे उदगीरचे, लग्न लातूरला, सकाळी हळद आणि दुपारी अक्षता. माझ्या आयुष्यात मी अक्काला काही मागताना पाहिलं नव्हतं. या वेळी तिने एकच गोष्ट बोलून दाखवली. म्हणाली, "पोरीला हळद माझ्या हातची लागली पाहिजे." नांदेडच्या बाजारातून तिने हळकुंडं स्वतः निवडून आणली, वाळवली, आणि दोन शेजारणींना घेऊन घरच्या जात्यावर दळली. ती हळद स्टीलच्या डब्यात भरून, डबा मांडीवर धरून ती एस.टी.ने लातूरला आली. मी म्हटलं, "अक्का, डबा खाली ठेवायचा, एवढा वेळ मांडीवर कशाला?" ती म्हणाली, "कुणाचा पाय लागंल."

त्या सकाळी मुलाची हळद आटोपली आणि उष्टी हळद आमच्या बाजूला आली. भाची पाटावर बसली. अक्काने आपली हळद कालवून ठेवली होती. लेकीने सकाळीच तिच्या अंबाड्यावर जबरदस्तीने गजरा माळला होता. तेवढ्यात आमची चुलती, आता घराण्यात तीच सगळ्यांत थोरली, तिने मला खांबाआड बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "पहिली हळद सवाष्णीनं लावायची असती. तुझी बायको लावंल. अक्काला म्हणावं, तू जरा मागं बस. शुभकार्य हाय रे. तूच सांग, तुझं ऐकती ती."

मुलाकडच्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. आमच्या पंथात तर विधवेचा असला अपशकुन मानूच नये, असं प्रवचनात ऐकून हीच चुलती पहिल्या रांगेत मान डोलवते. पण ती मला काय सांगते आहे हे घरच्यांनी ओळखलं होतं. भोवती जमलेल्या सगळ्या बायका-पुरुषांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात कसलीही काळजी नव्हती. काम योग्य माणसाकडे गेलं होतं. माझ्या बायकोने फक्त खाली मान घातली.

मी गेलो. खरंच गेलो. पायांना सवय होती.

अक्का बाजूच्या खोलीत होती. हळदीचं वाडगं तिच्या हातात. मी दारात उभा राहिलो, आणि तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "कळलं. सांगू नको." तिने वाडगं माझ्या हातात दिलं. मग आरशात न बघता अंबाड्यावरचा गजरा काढला, खिडकीत ठेवला, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "जा तू," ती म्हणाली. "मी भटारखान्यात बघते काय कमी-जास्त."

मी बाहेर येऊन वाडगं चुलतीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "बघा, काही बोलावं लागलं का? भाऊ असावा तर असा." कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या थापेनंतर मी काय केलं ते ठरवून केलेलं नव्हतं. मी मांडवातून चालू लागलो. फाटकाबाहेर गेलो, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसलो. पायांत चपला नाहीत हे मला बसल्यावर समजलं. समोर कार्यालयाचं फाटक अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी रुसलो आहे.

कुणी आलं नाही. येणार कोण? थोड्या वेळाने माझ्याच फोनवर चुलतभावाचा फोन आला. "अण्णा, कुठं हाव? हळद खोळंबली, तुमच्या मंडळी म्हणतात हे आल्याबिगर मी हात लावत न्हाई. आणि तिकडं मुलाचे मामा तोंड पाडून बसलेत, जरा बघा की." मी म्हटलं, "मी येत नाही." तो हसला. मग त्याचं हसणं थांबलं. "मंजी?" मी म्हटलं, "पहिली हळद अक्काने लावली तर येतो. नाहीतर नाही." त्याने घाईने फोन ठेवला.

मग फाटकात माणसं दिसू लागली. यायची, माझ्याकडे बघायची, आपसात बोलायची आणि आत जायची. शेवटी त्यांनी आमच्या धाकट्या जावयांना पाठवलं, सभ्य माणूस, बँकेत आहेत. ते रस्ता ओलांडून आले आणि समोर उभे राहिले. त्यांना घाम आला होता. म्हणाले, "मामा, अशा वेळी काय म्हणायचं असतं?" मी म्हटलं, "आधी बसायचं असतं." ते बसले. पुढचं त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. थोडा वेळ बसून ते नमस्कार करून गेले.

खरं सांगतो, त्या बाकावर मला बरं वाटत होतं. ऊन तापलेलं, पाय पोळत होते, सगळं लग्न माझ्यामुळे अडलेलं, आणि तरी कितीतरी वर्षांनी मी जो आहे तोच तिथे बसलेला होता. राग आलेला, अनवाणी, आणि कुणालाही 'तुमचं खरं हाय' न म्हणणारा.

त्यांनी शेवटी अक्कालाच पाठवलं. माणसं किती बिनलाज असू शकतात बघा. ज्या बाईला मागे बसवलं, तिलाच माझी समजूत काढायला पाठवलं. काखेत पिशवी घेऊन ती रस्ता ओलांडून आली. थांब्यावरच्या गाड्यावरून तिने भाजक्या शेंगांचा पुडा घेतला, शेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. एक दाणा तिला, एक मला.

नांदेडची बस आली, थांबली आणि गेली.

मी म्हणालो, "अक्का, मला राग आलाय."

"दिसून राहिलं."

"सगळे म्हणतात मी शांत आहे."

"सगळ्यांला काय ठावं," ती म्हणाली. "तू घागर फोडलेली मी बघितली हाय."

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडूही. मी म्हटलं, "तू कधीच कशी रुसली नाहीस गं? एवढं सगळं झालं. एकदा तरी रुसायचं."

तिने हातातली शेंग फोडली, आत दाणा किडका निघाला, तो टाकला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रुसून काय करू? मला आणाया तुलाच पाठिवलं असतं. तू येऊन बसला असतास, 'अक्का, तुझं खरं हाय' म्हणला असतास आणि पिशवी उचलली असतीस. मला उठावंच लागलं असतं. तुझा शब्द कसा मोडू? म्हणून मी कधी बसलेच न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. एवढ्या माणसांना मी उठवलं होतं आणि सगळे मला दुवा देत होते. आणि ज्या एका माणसाला बसायचा हक्क होता, तिच्यासाठी बसायला जागाच उरली नव्हती. ती जागा मीच अडवून ठेवली होती, माझ्या गोड बोलण्याने. माझ्याकडची सगळी वाक्यं दुसऱ्यांसाठी होती.

शेवटी मी म्हटलं, "मग आज बस."

तिने फाटकाकडे बघितलं. "बसू?"

"बस."

अक्काने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि बाकावर नीट मांडी घालून बसली. पुडा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. आता आम्हाला न्यायला येईल असं घराण्यात कुणी शिल्लक नव्हतं.

आत काय झालं ते मला नंतर बायकोने सांगितलं. मी का रुसलो हे भाचीच्या कानावर गेलं. ती आवाज चढवून बोलली नाही. पाटावरून उठलीही नाही. एवढंच म्हणाली, "आई आल्याशिवाय मला कुणी हात लावायचा न्हाई." आणि डोळे मिटून बसून राहिली. नर्स आहे ती. किती वेळ लागला तरी थांबायची तिला सवय आहे.

बऱ्याच वेळाने फाटकातून चुलती बाहेर आली. एकटीच. तिचं आता वय झालं आहे, सांधे धरले आहेत, तिने रस्ता ओलांडला तेव्हा दोन रिक्षा थांबल्या. तिच्या हातात हळदीचं वाडगं होतं, कडेला हळद सुकून आलेली. ती आमच्यासमोर येऊन धापा टाकत उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. वाडगं अक्काच्या पुढे धरलं आणि म्हणाली, "चला आता. हुग्गी गार होऊन राहिली."

माझंच वाक्य. मी आयुष्यभर ते म्हणत आलो, पण ऐकणाऱ्याच्या जागी बसून कधी ऐकलं नव्हतं. मी थोडा सरकलो आणि चुलतीला बसायला जागा केली. ती बसली. तिने गुडघे चोळले. सोयाबीनचं वगैरे कुणी काही विचारलं नाही.

सवयीने माझा हात अक्काच्या पिशवीकडे गेला होता. तो मी मागे घेतला.

अक्काने वाडगं घेतलं आणि मांडीवर ठेवलं, बसमधून येताना डबा ठेवला होता तसंच. बोटाने हळद ढवळून बघितली. मग पुड्यात उरलेल्या शेंगांतली एक घेतली, सावकाश सोलली, एक दाणा चुलतीच्या हातावर ठेवला, एक माझ्या. आत तिची लेक वाट बघत होती हे तिला ठाऊक होतं, आणि ती जाणारच होती. पण तिला आज पहिल्यांदाच कुणी न्यायला आलं होतं. तिला उठायची घाई नव्हती, आणि मी तिला ऊठ म्हटलं नाही.